फुकटचं मूडल की भाड्याचं एलएमएस?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: एका नागरी सहकारी पतसंस्थेत मनुष्यबळ आणि प्रशिक्षण ही दोन्ही कामं एकटीनं सांभाळणाऱ्या एका ताईंचं हे पत्र. संस्थेच्या ३४ शाखा आहेत, ३१० कर्मचारी आणि १४० पिग्मी एजंट आहेत. गेल्या वर्षी केवायसी आणि सायबर फसवणुकीवरचे व्हिडिओ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले गेले. "हे प्रशिक्षण नेमकं कोणी घेतलं?" असं लेखापरीक्षकांनी विचारलं तेव्हा दाखवायला कागद नव्हता. म्हणून संचालक मंडळानं एलएमएस, म्हणजे ऑनलाइन प्रशिक्षण चालवणारी आणि त्याची नोंद ठेवणारी प्रणाली, घ्यायचं ठरवलं. समोर तीन पर्याय आहेत. पहिला एका कंपनीचं तयार एलएमएस, माणशी महिना ११० रुपये आणि वर जीएसटी. त्याचं सादरीकरण अध्यक्षांना फार आवडलं आहे. दुसरा संस्थेचं संगणकाचं काम करणाऱ्या स्थानिक विक्रेत्याचा: मूडल (मुक्त परवान्याचं एलएमएस सॉफ्टवेअर) फुकट असतं, ६०,००० रुपयांत बसवून देतो, पुढे खर्च नाही. तिसरा शाखेतल्या तरुण मंडळींचा: गूगल क्लासरूम वापरा, पैसे कशाला घालवता? दीड महिन्यानं बैठकीत शिफारस मांडायची आहे. ताई विचारतात, "यातलं कोणतं घेऊ? निवड चुकली तर ती माझ्या नावावर चिकटेल, याची धास्ती वाटते."

उत्तर:

ताई, तुमची धास्ती रास्त आहे. प्रशिक्षणाची प्रणाली एकदा घेतली की दोन-तीन वर्षं तरी बदलता येत नाही, आणि रोज त्रास सोसायचा तो तुम्हालाच. म्हणूनच या तीन नावांत निवड करण्याआधी प्रश्नच थोडा उलटून पाहू.

पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे: गेल्या वर्षीचं प्रशिक्षण व्हॉट्सॲपमुळे वाया गेलं, एलएमएस आलं की ते मार्गी लागेल. खरं पाहता तिथे दोन वेगळ्या अडचणी होत्या. नोंद राहिली नाही, ही एक. लोकांनी ते पाहून काही शिकलं का, हे कळलं नाही, ही दुसरी. एलएमएस पहिली अडचण चोख सोडवतं. दुसरी सोडवत नाही. व्हिडिओ लावून फोन ड्रॉवरमध्ये ठेवला तरी बहुतेक प्रणाली "पूर्ण" असं लिहून मोकळ्या होतात. तेव्हा मंडळापुढे जाताना एलएमएसकडून नोंदीची हमी द्या, शिकण्याची देऊ नका. त्याचा भार तुमच्या पाठांवर आणि प्रश्नांवर आहे. त्याकडे पुढे येते.

आता नोंदच हवी आहे, तर ती कशी दिसायला हवी? एक कोरा कागद घ्या आणि ३१ मार्चला लेखापरीक्षकांपुढे ठेवायचा तक्ता हातानं आखा. कर्मचारी क्रमांक, नाव, पद, शाखा, अभ्यासक्रम, पूर्ण केल्याची तारीख, गुण, कितव्या प्रयत्नात उत्तीर्ण, आणि पुन्हा कधी करायचा. एवढ्या नऊ रकान्यांत तुमची खरी गरज मावते. या तक्त्यात संचालकांची नावंही धरा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१३ च्या दुरुस्तीनं जे कलम २४अ आलं, ते सभासद, संचालक आणि कर्मचारी या सगळ्यांच्याच शिक्षण-प्रशिक्षणाची जबाबदारी संस्थेवर टाकतं. बहुतेक ठिकाणी प्रशिक्षणाची यादी कर्मचाऱ्यांपाशीच संपते आणि संचालक राहून जातात.

हा तक्ता प्रत्येक विक्रेत्यापुढे ठेवा आणि एकच सांगा: "आत्ता, माझ्यासमोर, नमुन्याची माहिती भरून हा असाच काढून दाखवा." अध्यक्षांना आवडलेल्या सादरीकरणात रंगीत आलेख, पदकं, गुणतालिका असं बरंच काही असेल. ते वाईट नाही, पण तुमच्या कामाचं नाही. शाखेचा रकाना बरेचदा निघत नाही, कारण प्रणालीत "शाखा" ही गोष्टच नसते, ती वेगळी घालावी लागते. आणि इथेच एक बारीक मेख आहे. मार्चमध्ये कराड शाखेत असलेला रोखपाल जूनमध्ये बदलून साताऱ्याला गेला, तर त्याच्या मार्चच्या नोंदीपुढे कोणती शाखा दिसणार? बहुतेक प्रणाली आजची शाखा दाखवतात, त्यामुळे बदली झाली की मागचा अहवालही आपोआप बदलतो. उपाय साधा आहे: दर तिमाहीच्या शेवटी तक्ता एक्सेलमध्ये उतरवून, छापून, सही करून फाइलला लावायचा. पण ही मेख आधी माहीत हवी.

आता पैशांकडे येऊ. कंपनीच्या दरानं ४५० माणसांचा हिशेब असा: ११० गुणिले ४५० गुणिले १२, म्हणजे ५,९४,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी १,०६,९२० रुपये. वर्षाला ७,००,९२० रुपये झाले. पतसंस्थेचं मुख्य उत्पन्न कर्जावरचं व्याज असल्यानं या जीएसटीची वजावट तुम्हाला बहुधा मिळणार नाही. सनदी लेखापालांना विचारून घ्या, पण खर्च कर धरूनच मांडा. मग कंपनीला विचारा की "माणूस" म्हणजे कोण. नोंदवलेला प्रत्येक जण, की त्या महिन्यात खरंच लॉग-इन केलेला? पिग्मी एजंट वर्षभरात सोडून जातात, नवे येतात. गेलेल्याची जागा नव्याला देता येते का, की वर्षभर दोघांचेही पैसे लागतात? आणि गेलेल्याचं खातं बंद केलं की त्याची जुनी नोंद राहते का? या तीन उत्तरांनी रक्कम बरीच इकडची तिकडे होते. तोंडी उत्तर घेऊ नका, दरपत्रकावर लिहून घ्या.

मूडलचा प्रश्न वेगळा आहे. मूडल चांगलंच आहे. त्याची पहिली आवृत्ती २००२ ची, जगभरातली विद्यापीठं ते वापरतात, आणि आपल्याकडेही अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत ते जाणणारी माणसं आहेत. परवान्याला खरंच पैसे पडत नाहीत. "पुढे खर्च नाही" हे मात्र खरं नाही, आणि हे विक्रेता फसवतोय म्हणून नव्हे, तर बसवणं आणि चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत म्हणून.

चालवणं म्हणजे काय ते सांगते. साधारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, मधल्या काळात सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, त्या लावाव्या लागतात. प्रत्येक आवृत्तीच्या मागे धावायला नको असेल तर दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्यायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली ४.५ तशी आहे, तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२७ पर्यंत मिळतात. मग बॅकअप. मूडलचा बॅकअप तीन तुकड्यांचा असतो: डेटाबेस, चढवलेल्या फाइलींचं "मूडलडेटा" नावाचं फोल्डर, आणि मूळ प्रोग्राम त्याच्या मांडणीच्या फाइलसह. यातला फक्त डेटाबेस जपून ठेवणारे बरेच असतात. सर्व्हर बिघडला की नावं आणि गुण परत मिळतात, पण एकही पाठ उघडत नाही. आणि ते मूडलडेटा फोल्डर वेबसाइटच्या फोल्डरबाहेरच हवं, नाहीतर आतल्या फाइली लॉग-इन न करताही थेट उघडता येण्याचा धोका राहतो. तुमच्या विक्रेत्याला हा एक प्रश्न विचारलात तरी त्याला मूडल कितपत येतं ते कळेल.

दुसरी अडण्याची जागा म्हणजे क्रॉन. सर्व्हरवर दर मिनिटाला चालणारं हे पार्श्वभूमीचं काम आहे. ईमेल पाठवणं, आठवणीच्या सूचना, अभ्यासक्रम पूर्ण झाल्याची नोंद, हे सगळं त्यातून होतं. ते बंद पडलं तरी साइट वरून ठणठणीत दिसते, माणसं पाठ पाहतात, चाचणी देतात. तक्रार येते ती अशी: "मॅडम, माझं सगळं झालंय, पण प्रमाणपत्र येत नाही." अशा तीन तक्रारी एका दिवशी आल्या तर कर्मचाऱ्यांना पुन्हा करायला लावू नका, आधी क्रॉन चालू आहे का ते विचारा.

सर्व्हरच्या आकाराचा अंदाज मूडलच्याच ढोबळ नियमानं काढता येतो: एकाच वेळी काम करणाऱ्या १० ते २० माणसांमागे १ जीबी रॅम. तुमची माणसं ४५० असली तरी एरवी एका वेळी पाच-दहाच असतील. खरी गर्दी होते शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी. साठ-सत्तर जण एकदम चाचणीला बसले तर ४ जीबीचा सर्व्हर धापा टाकतो. ८ जीबी घ्या, आणि त्याहून स्वस्त उपाय म्हणजे ३४ शाखांचे चार गट करून प्रत्येकाला वेगळा आठवडा द्या. मुख्य कार्यालयातल्या कोपऱ्यातल्या संगणकावर मूडल बसवू देऊ नका, विक्रेता कितीही म्हणाला तरी. वीज गेली, इंटरनेट गेलं की ३४ शाखा अडकतात, आणि तुमच्या खातेदारांचे व्यवहार सांभाळणारी सीबीएस (कोअर बँकिंग) प्रणाली ज्या नेटवर्कवर चालते त्यात बाहेरून उघडी असलेली वेबसाइट ठेवणं हा विनाकारण ओढवून घेतलेला धोका आहे.

गूगल क्लासरूमबद्दल थोडक्यात. ते शाळेसाठी घडलं आहे: एक शिक्षक, एक वर्ग, गृहपाठ, गुण. त्यासाठी ते उत्तम आहे. शाखानिहाय अहवाल, प्रमाणपत्राची मुदत, दरवर्षी आपोआप पुन्हा नेमणूक, यांतलं काही त्यात नाही. तरुण सहकाऱ्यांचा मुद्दा मात्र अगदी टाकून देऊ नका. ते म्हणतात ते असं ऐका: आम्हाला सोपं हवं आहे, आमच्या फोनवर चटकन उघडणारं. ही अट तिन्ही पर्यायांना लावा.

फोनवरून लॉग-इनकडे येते, कारण पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त माणसं इथेच गळतात. मूडलसह बहुतेक प्रणालींना प्रत्येक माणसाचा वेगळा ईमेल पत्ता लागतो. तुमच्या १४० पिग्मी एजंटांपैकी किती जण ईमेल उघडतात? फोनमध्ये जीमेल असतं, पण त्याचा पासवर्ड दुकानदारानं टाकलेला असतो. तेव्हा युजरनेम म्हणून कर्मचारी क्रमांक किंवा एजंट क्रमांक द्या. मोबाइलवर ओटीपीनं प्रवेश ही सोय ऐकायला छान वाटते, पण विचारा की एसएमएस कोणाच्या नावानं जाणार. भारतात असे एसएमएस पाठवायला संस्थेची, पाठवणाऱ्या नावाची आणि मजकुराच्या साच्याची डीएलटी नोंदणी, म्हणजे दूरसंचार कंपन्यांकडची नोंदणी, लागते. कोअर बँकिंगच्या एसएमएससाठी तुमची नोंदणी झालेली असेल, तरी या नव्या संदेशाचा साचा वेगळा मंजूर करून घ्यावा लागेल. हे काम उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आठवतं आणि मग तारीख पुढे जाते. पासवर्ड विसरला तर काय, याचं उत्तर शाखेतच मिळायला हवं. शाखाधिकाऱ्याला निदान आपल्या शाखेपुरता पासवर्ड बदलून देण्याचा अधिकार देता येतो का, हे पाहा. नाहीतर ४५० माणसांचे फोन तुम्हाला येतील.

मराठीचा मुद्दा कोणत्याच विक्रेत्याच्या सादरीकरणात नसतो, म्हणून तो सविस्तर सांगते.

तुमचे जुने प्रश्नसंच आणि परिपत्रकं बहुधा श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील. तो मजकूर एलएमएसमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. आधी तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, बदलून घ्यावा लागतो, आणि बदलल्यावर माणसानं ओळ न् ओळ वाचावा लागतो, कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास इकडेतिकडे होतात. कर्मचाऱ्यांची यादी एक्सेलमधून चढवताना फाइल "सीएसव्ही यूटीएफ-८" या प्रकारातच साठवा. नुसत्या "सीएसव्ही"मध्ये साठवली तर ४५० जणांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा येतात, आणि ते खाती तयार झाल्यावरच लक्षात येतं.

चाचणीत "उत्तर टाइप करा" हा प्रकार मराठीत टाळा. एकानं "मुदतठेव" लिहिलं, दुसऱ्यानं मध्ये जागा सोडून "मुदत ठेव", तर यंत्र दुसऱ्याला चूक देतं. आकड्याचं उत्तरही तसंच. कोणी ५०,००० देवनागरीत लिहिलं आणि प्रणालीला रोमन अंकच कळत असले, तर बरोबर उत्तराला शून्य गुण. चार पर्यायांचे प्रश्न ठेवा.

आणि प्रमाणपत्र. ते हातात आलं की मंडळी घरी दाखवतात, शाखेत चौकटीत लावतात, त्यामुळे नाव चुकलं तर मन दुखावतं. मूडल पीडीएफ बनवायला जी लायब्ररी (तयार प्रोग्रामचा संच) वापरतं, तिला देवनागरी अक्षरं नीट जुळवता येत नाहीत. "विश्वास" हे नाव पडद्यावर बरोबर दिसतं, पण छापील प्रमाणपत्रावर पहिली वेलांटी "व"ला सोडून पुढच्या "श"वर जाऊन बसते, आणि "श्व" तुटून पाय मोडलेला "श" आणि सुटा "व" असा छापला जातो. यावर दोन मार्ग आहेत. प्रमाणपत्राचा सगळा मराठी मजकूर चित्र म्हणून मागे ठेवायचा आणि फक्त नाव, तारीख रोमन लिपीत छापायची. किंवा प्रमाणपत्रं एलएमएसबाहेर, वर्डच्या मेल मर्जनं, म्हणजे यादीतली नावं एका नमुन्यात आपोआप भरणाऱ्या सोयीनं, काढायची. भाड्याच्या एलएमएसमध्येही हीच अडचण असू शकते. विक्रेत्याला "मराठी चालतं का?" असं विचारू नका, तो हो म्हणेल. "विश्वास क्षीरसागर, ज्येष्ठ शाखाधिकारी" या नावाचं प्रमाणपत्र छापून पाठवा, असं सांगा.

आता पाठांबद्दल. एलएमएसच्या खर्चावर सगळे बोलतात, पाठ तयार करायच्या वेळावर कोणी बोलत नाही. दहा मिनिटांचा चांगला पाठ, त्याचा व्हिडिओ आणि आठ प्रश्न यांना अनुभवी माणसाचेही दोन-तीन दिवस जातात. पहिल्या वर्षी चारच विषय घ्या. व्हिडिओ हलके ठेवा: ५०० केबीपीएस वेगाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ साधारण ३७ एमबीचा होतो, फोनवर नीट दिसतो. तोच ४ एमबीपीएसवर ठेवला तर ३०० एमबी. एजंटांचा डेटा त्यांच्या खिशातून जातो, हे ध्यानात असू द्या. संस्थेच्या अंतर्गत कार्यपद्धतीचे व्हिडिओ यूट्यूबवर "अनलिस्टेड" करून टाकू नका. दुवा हाती लागला की ते कोणालाही दिसतात.

बाहेरच्याकडून पाठ बनवून घेतलेत तर तो "स्कॉर्म" प्रकारात, म्हणजे एलएमएसना समजणाऱ्या ठरावीक साच्यात, मिळेल. हे चांगलं, कारण स्कॉर्म पाठ एका एलएमएसमधून दुसऱ्यात नेता येतो. पण दोन गोष्टी सांभाळा. स्कॉर्म १.२ मध्ये माणूस कुठवर आला हे लक्षात ठेवायला ४,०९६ अक्षरांचीच जागा असते. तासाभराचा, खूप प्रश्नांचा पाठ असेल तर ती भरते आणि दुसऱ्या दिवशी उघडल्यावर माणूस पुन्हा पहिल्या पानावर येतो. त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून पाठ पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत मागा. दुसरं, काही पाठ "पूर्ण"ची खूण शेवटच्या पानावरचं "बाहेर पडा" बटण दाबल्यावरच पाठवतात. माणूस शेवटपर्यंत पाहतो, ब्राउझरची खिडकी फुलीनं बंद करतो, आणि नोंद "अपूर्ण" राहते. खूण शेवटचं पान उघडताच जावी, अशी मांडणी करून घ्या. आणि पाठाच्या मूळ, बदल करता येणाऱ्या फाइलीही करारातच मागा, नाहीतर नियम बदलला की एका ओळीच्या दुरुस्तीसाठी पुन्हा पैसे मोजावे लागतील.

प्रश्न कसे असावेत? "केवायसीचं पूर्ण रूप काय?" हा प्रश्न कोणाचंच काही जोखत नाही. हा पाहा: "एक वयस्क खातेदार काउंटरवर फोनवर बोलत बोलत मुदतपूर्व ठेव मोडायला सांगतात, रक्कम एका अनोळखी खात्यावर आजच पाठवायची म्हणतात, आणि कारण विचारल्यावर गप्प होतात. तुम्ही आधी काय कराल?" चार पर्यायांत एक म्हणजे शाखाधिकाऱ्याला बोलावून खातेदाराला फोन बंद करायला सांगणं आणि शांतपणे विचारपूस करणं, दुसरा, पैसे गेल्यानंतर १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवणं. दोन्ही योग्यच, पण "आधी" कोणतं, यावर कर्मचारी विचार करतो. असे आठ प्रश्न असले, उत्तीर्ण व्हायला सहा लागत असले, आणि चुकल्यावर कारण वाचायला मिळत असलं, तर फोन ड्रॉवरमध्ये ठेवणाऱ्यालाही पाठ पाहावाच लागतो. प्रश्न मोठ्या संचातून आळीपाळीनं येऊ द्या. एरवी उत्तरांचा फोटो दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर फिरतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. माझं मत मी स्पष्ट सांगते: तुमच्याकडे तांत्रिक माणूस नाही, आणि तुम्हालाही आठवड्याला चार-पाच तासच मिळणार. अशा वेळी मूडल घ्या, पण स्वतः चालवू नका. ते भाड्याच्या सर्व्हरवर, वार्षिक देखभाल करारासह चालवणारे सेवादार आहेत. तुमच्या विक्रेत्याचीच त्या कराराला तयारी असेल आणि वरच्या मूडलडेटाच्या आणि क्रॉनच्या प्रश्नांवर तो अडखळला नाही, तर तोही चालेल. माझा कल इकडे आहे तो स्वस्त पडेल म्हणून नाही. दर माणशी पैसे नसल्यानं एजंट येवोत-जावोत, हिशेब बदलत नाही. आणि सेवादार बदलावा लागला तरी अभ्यासक्रम, गुण, खाती सगळं उचलून दुसरीकडे नेता येतं.

असा करार लिहून द्यायला कोणीच तयार नसेल, तर मात्र कंपनीचं एलएमएसच घ्या. देखभालीविना पडलेलं मूडल हा तिन्हींतला सगळ्यात वाईट पर्याय आहे. त्यातही एक विचार करा: एजंटांना खाती हवीतच का? फक्त ३१० कर्मचाऱ्यांचा खर्च ४,०९,२०० आणि जीएसटी ७३,६५६, एकूण ४,८२,८५६ रुपये होतो, म्हणजे दोन लाखांहून जास्त वाचतात. एजंट भरणा करायला शाखेत येतातच. महिन्यातून एकदा वीस मिनिटं बसवून तोच पाठ दाखवा, कागदावर चाचणी घ्या, हजेरीपत्रकावर सही घ्या, आणि ते गुण आपल्या त्याच नऊ रकान्यांच्या तक्त्यात भरा. नोंद म्हणून सही केलेलं हजेरीपत्रक कमी दर्जाचं नसतं.

कोणताही मार्ग धरलात तरी करारात काही वाक्यं शब्दशः असू द्या. वेबसाइटचं नाव संस्थेच्या नावावर नोंदलेलं असेल. सर्वोच्च प्रशासकाचं खातं संस्थेच्या दोन माणसांकडे असेल, फक्त विक्रेत्याकडे नव्हे. करार संपल्यावर ३० दिवसांत सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये आणि अभ्यासक्रमांचा बॅकअप विनामूल्य मिळेल. पुढच्या वर्षीची दरवाढ किती टक्क्यांपर्यंत, तेही लिहा. सर्व्हर भारतात असेल. आणि खात्यात आधार, पॅन, जन्मतारीख असं काही भरूच नका, प्रशिक्षणाला त्याची गरज नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ आल्यापासून जी माहिती लागत नाही ती न घेणं हेच शहाणपण आहे.

दीड महिना तुमच्या हातात आहे, तो असा वापरा. पहिल्या आठवड्यात तक्ता आणि एक खरा पाठ तयार करा. दुसऱ्यात दोन्ही विक्रेत्यांकडून चाचणीसाठी खाती घ्या. ती द्यायला कोणी कुरकुर केली तर तेही उत्तरच समजा. मग दोन आठवडे तीन शाखांतली पंधरा माणसं बसवा. निवड करताना हुशार मंडळी घेऊ नका. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला लेखनिक घ्या, जुना दोन जीबी रॅमचा फोन असलेले दोन एजंट घ्या, आणि नेटवर्क धड नसलेली एक शाखा घ्या. मुद्दाम घडवून आणायच्या गोष्टी अशा: मध्येच फोन आला आणि पाठ तुटला तर तो तिथूनच पुढे सुरू होतो का. पासवर्ड विसरल्यावर परत आत यायला किती मिनिटं लागली. चाचणीत नापास झाल्यावर पुढे काय करायचं ते मराठीत कळतं का. एकाची बदली करा, एकाचा राजीनामा दाखवा आणि मग तक्ता काढा. मूडलमध्ये राजीनामा दिलेल्याचं खातं काढून टाकायचं नसतं, "स्थगित" करायचं असतं. काढून टाकलं तर त्याचे गुण अहवालातून जातात, आणि लेखापरीक्षण तर गेल्या वर्षाचंच व्हायचं असतं. शेवटी सेवादाराला बॅकअपमधून साइट दुसरीकडे उभी करून दाखवायला सांगा. बॅकअप आहे असं सगळेच म्हणतात, उभी करून दाखवणारे थोडे.

हाच प्रश्न पडलेल्या इतर वाचकांसाठी दोन शब्द. तीस-चाळीस माणसांच्या संस्थेनं एलएमएस घेऊच नये; गूगल फॉर्मवर चाचणी आणि एका शीटमध्ये तक्ता, एवढं पुरतं. शाळेला क्लासरूम बरं. रुग्णालयात परिचारिकांच्या पाळ्या असतात, तिथे पाठ दहा मिनिटांहून मोठा नसावा आणि वॉर्डातल्या सामायिक संगणकावर एक जण बाहेर पडून दुसरा आत येणं चटकन व्हायला हवं. नेटवर्क नसलेल्या भागात काम करणाऱ्या संस्थांनी पाठ फोनवर उतरवून ठेवता येतो का आणि नंतर नेटवर्कमध्ये आल्यावर नोंद वर जाते का, हे सगळ्यात आधी पाहावं. मूडलच्या मोफत ॲपमध्ये या सोयीला मर्यादा आहेत, त्या सेवादाराकडून समजून घ्याव्यात. ज्यांच्याकडे हिशेबाला ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर आधीच चालू आहे, त्यांनी मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं मुक्त परवान्याचं एलएमएसही पाहावं, चालवणारा माणूस तोच राहतो.

आणि ताई, बैठकीच्या टिपणीत तुमची पसंती एवढंच लिहू नका. तक्ता, पंधरा माणसांच्या चाचणीचे निकाल, तीन वर्षांचा करासह खर्च आणि तुम्हाला या कामासाठी आठवड्याला किती तास लागतील, हे सगळं जोडा. तो तासांचा आकडा ठरावात येऊ द्या, आणि तुमच्या रजेच्या काळात हे कोण पाहील त्याचं पदही. प्रणाली सुरू करायची तारीख मेच्या दुसऱ्या आठवड्यातली ठेवा. मार्चअखेर उरकलेली असते आणि शाखेत लोक मान वर करून बोलायच्या मनःस्थितीत असतात.